सत्कार आधी, पोरगी मग

आमच्या कोल्हापुरात चार माणसं एकत्र बसली की काम राहतं बाजूला, आधी अध्यक्ष ठरतो. हे ठाऊक असूनही मीच चौघांना एकत्र बसवलं, तेव्हा पुढच्या तमाशाचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी बावड्याकडच्या एका शाळेत दुसरीला शिकवत होते. वर्गात दहा वर्षांची एक पोरगी होती, दुसरीतच तिसऱ्यांदा बसलेली. सोमवारी बेचा पाढा घडाघडा म्हणायची आणि मंगळवारी असं बघायची की जणू मी पाढा आत्ताच रचलाय. मी तिला आधी आळशी म्हटलं, मग लबाड म्हटलं, दोनदा पट्टीही मारली. त्या पट्टीची मला अजून लाज वाटते.

शेवटी तिला सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की आई गरोदरपणी दारू प्याली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. असं मूल शिकलेलं विसरतं, आणि कुणी गोड बोललं की त्याच्यामागं चालू लागतं. त्यांनी आईला विचारलं. तिनं काही लपवलं नाही.

"वीटभट्टीवर कामाला होतो," ती म्हणाली. "सांजचं कंबर धरायची. सगळ्या बाया घोट घ्यायच्या, मी बी घ्यायचो. पोराला बाधतंय म्हणून कोन सांगनार?"

आता ती दोन म्हशी राखून दूध घालायची आणि दारूच्या वासालाही उभी राहत नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, पोरीला शांत जागी बसवा, गलका नको. एक समाजसेविका बाई होत्या, त्या म्हणाल्या, एकटी ठेवू नका, चारचौघांत मिसळू द्या. हेडमास्तर म्हणाले, रोज शंभरदा लिहून घ्या. मी म्हणाले, पाढे मोठ्यानं म्हणून घ्या. पंधरा दिवसांनी मी घरी गेले तर पोरगी गोठ्यात बसून पाटीवर लिहीत होती आणि म्हशींकडं तोंड करून पाढे ओरडत होती.

"हे काय हो?"

"तुमी चौघांनी सांगितलेलंच की," आई म्हणाली. "गलका न्हाय, एकटी बी न्हाय. लिवतीया, वरडतीया. पाढं काय ऱ्हाईना झाल्यात, पर म्हस दूध जास्त द्याया लागलीया."

मी हसले, पण ती हसली नाही. हेडमास्तर यंदा पोरीच्या हातात दाखला देणार होते, नाव काढून टाकणार होते, हे तिच्या कानावर आलं होतं.

"बाई, शाळा हाय तवर दिसभर तुमच्या नजरंखाली हाय. मी दूध घालाया गेलो की घरात ही एकलीच. कुनीबी 'चल' म्हटलं की जातीया. परवा बांगडीवाल्याच्या मागनं पार नाक्यापातुर गेलती."

म्हणून मी ठरवलं की आपण चौघांनी एकत्र बसून एकच काय ते सांगायचं. डॉक्टरांना पटलं. त्यांच्या मते या पोरीला एका वेळी एकच गोष्ट, रोज त्याच शब्दांत, सगळ्यांनी सारखीच शिकवायला हवी होती.

पहिल्या बैठकीत हेडमास्तर अध्यक्ष झाले आणि त्यांनी आम्हा तिघांना शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्षांचा सत्कार राहून गेला, म्हणून तो करायला दुसरी बैठक घ्यावी लागली. तिसरीत मुद्द्यावर आलो, की पहिली एक गोष्ट कुठली शिकवायची? हेडमास्तर म्हणाले, प्रतिज्ञा. डॉक्टर म्हणाले, रस्ता ओलांडणं. समाजसेविका बाई म्हणाल्या, शिवण. मी पाढ्यांवर अडून बसले. अडीच तास आम्ही हमरीतुमरीवर येऊन भांडलो. बैठक तज्ज्ञांची, म्हणून आईला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. तिला आत बोलवावं असं चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

समितीनं एकमतानं एकच ठराव केला, तो म्हणजे स्नेहसंमेलनात पोरीच्या आईचा 'आदर्श माता' म्हणून सत्कार करायचा. खाली मान घालून बसलेल्या डॉक्टरांनीही हात वर केला.

संमेलनाच्या दिवशी पाहुणे होते, फेटे होते, हलगीही होती. हेडमास्तरांनी मातृत्वावर पाऊण तास घेतला. मग आईच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि रिवाजाप्रमाणे 'दोन शब्द बोला' म्हणून माइक तिच्या तोंडापुढं धरला.

"ही पोटात असताना मी प्यायचो," ती म्हणाली. "म्हाईत नव्हतं, पर प्यालो. ह्या चौघांनी चार येळा इचारलं, मी चार येळा सांगितलं, त्यांनी चार वह्यांत लिवलं. मला काय पायजे ते मातुर कुनी इचारलं न्हाय. शाल नगो मला. पोरीला दाखला दिऊ नगा, येवढं बघा."

आमच्याकडं भाषण संपलं की टाळ्या वाजतात, भाषण कसलंही असो. तशा त्या वाजल्या, आणि चांगल्याच वाजल्या. एवढ्या टाळ्यांपुढं हेडमास्तरांना माइकवर सांगावंच लागलं की पोरीचं नाव पटावर राहील. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पुढच्या बैठकीत ती आत, खुर्चीवर बसली. मी विचारलं, "तुम्ही सांगा, पहिलं काय शिकवायचं?"

तिला विचार करावा लागला नाही. "'न्हाय' म्हनायला शिकवा. कुनी बोलावलं, तर 'न्हाय, आईला इचारून'. येवढं आलं तर पाढं ऱ्हाऊ देत."

आणि मग वर्षभर कोल्हापुरातली चार प्रतिष्ठित माणसं एका पोरीला फूस लावत हिंडत होती. डॉक्टर दवाखान्यात खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून "चल येतेस?" म्हणत. समाजसेविका बाई पर्समध्ये बिस्किटं ठेवत. हेडमास्तर पिंपळाआडून पेपरमिंट दाखवत, तेव्हा शाळेचा शिपाई त्यांच्याकडं संशयानं बघे. पोरगी प्रत्येकाबरोबर आनंदानं जायची. आम्ही तिला परत आणायचो, तेच शब्द म्हणून घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोनदा मी कंटाळून रडले. डॉक्टर म्हणायचे, "शब्द बदलू नका."

पुढच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी शाळेत फोटोवाला आला. हेडमास्तरांनी या खेपेला खरोखरच हाक मारली, "चल गं पोरी, फोटोला." पोरगी पायरीवर बसली होती. तिनं खांब घट्ट धरला.

"न्हाय! आईला इचारून!"

फोटो तिच्याविनाच निघाला. हेडमास्तर त्यात डोळे पुसताना आलेत.

मी तशीच तिच्या घरी धावले. आई धार काढत होती. मी धापा टाकत सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"कुनाला म्हनाली?"

"खुद्द हेडमास्तरांना."

हात थांबले. तिनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं.

"मंग कुनालाबी म्हनंल," ती म्हणाली.