साडूने ओतलेली वजनं

माझा साडू पार्सलच्या कचेरीत वजनाच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसला आहे. समोर आलेलं गाठोडं काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा, तो जाड पेनाने गाठोड्यावर लिहायचा आणि गाठोडं पुढे ढकलायचं. एवढंच त्याचं काम. ज्याला डोळे आहेत आणि आकडे वाचता येतात असा कुणीही ते दुपारपर्यंत शिकेल. पण आमच्या साडूला वाटतं, जगातल्या वस्तूंना वजन आहे ते त्याने लिहिल्यामुळे. नातेवाईक त्याला काटेसाहेब म्हणतात. बाकीचे पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणतो, आणि त्याला तो मान वाटतो.

माणूस सुतळीसारखा बारीक. खिशाला दोन पेनं, बोटांना कायम डिंकाचा वास. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली: आत काय, किती, कधी भरलं. एकदा साखरेची चिठ्ठी असलेल्या डब्यात मीठ निघालं. चहा तोंडात धरवत नव्हता, पण त्याचं याला काही नाही. चिठ्ठी न बदलता मीठ भरलंच कसं, यावर त्याने बायकोशी अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी तिने मिठाची चिठ्ठी लिहून त्याच्या शर्टाला चिकटवली, तेव्हा गप्प बसला.

ही त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला मीही ताईच म्हणतो. इस्पितळात वॉर्डातली मदतनीस म्हणून तिने बावीस वर्षं काढली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं, खाटा ढकलणं हे तिचं काम. दांडगी, बोलकी, कामाला वाघ. असली बाई या डिंकाच्या बाटलीच्या वाट्याला कशी आली, हे कोडं मला माझ्या लग्नापासून सुटलेलं नाही.

मागच्या वर्षी ती स्टुलावरून पडली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. भरलेला तांब्या उचलताना हात थरथरायचा. इस्पितळाने चार महिन्यांची मुदत दिली. मुदत संपली की ताकदीची परीक्षा: वीस किलोची पेटी जमिनीवरून उचलून कमरेएवढ्या टेबलावर ठेवायची, लागोपाठ तीन वेळा. जमलं तर कामावर परत, नाही जमलं तर घरी. परीक्षा एकदाच, पुन्हा संधी नाही.

ताईला घरी बसायचं नव्हतं. पैशांपेक्षा तिला माणसांची सवय होती. आमच्याकडे आली तेव्हा तिने ते सरळच सांगितलं.

"पुढच्या वर्षी हे निवृत्त होतील," ती म्हणाली. "हे घरात आणि मीही घरात. सहा महिन्यांत आमच्यातलं एकच माणूस शिल्लक राहील बघा."

आम्ही हसलो. तीही हसली, पण डोळे पुसून.

इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की एक किलोपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. दुकानात लोखंडी वजनं मिळतात. सरळ माणसाने जाऊन आणली असती. काटेसाहेबांनी दुकानात जाऊन वजनं बघितली आणि हात हलवत परत आले. का, तर वजनावर पाच लिहिलेलं असतं, पण ते पाच भरतं कशावरून? ज्याच्यावर आकडा लिहायचा ते वजन आपल्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. म्हणून वजनं घरीच ओतायची. सिमेंटची.

आता मी कोण, ते सांगितलं पाहिजे. कुंपणाचे खांब, गटारांची झाकणं, पाण्याच्या टाक्या ओतणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं आहे आणि त्यातली बारा वर्षं मुकादम. सिमेंट हा माझा प्रांत. घरात सख्खा साडू सिमेंटातला असताना या शहाण्याने मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या बायकोकडून कळलं म्हणून मी त्या रविवारी आपण होऊन गेलो.

गच्चीवर काय थाट होता! कचेरीतला वजनकाटा एका दिवसासाठी घरी न्यायला याने रीतसर अर्ज केला होता. अर्जाची नक्कल खिशात होती, ती मला दाखवली. साचे म्हणून रंगाचे डबे, औषधाचे डबे, दोन जुन्या बादल्या. धरायला वाकवलेल्या सळ्या. डब्यांना आतून तेल लावलेलं नव्हतं. ते मी सांगितल्यावर लावलं, तेही केसांचं. आणि मधोमध घमेल्यात जे काही कालवलं होतं त्याला काँक्रीट म्हणायला माझी जीभ वळत नाही. खडी तळाशी बसलेली आणि वर राखाडी पाणी डुचमळतंय. आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशीच्या मजुराने असं कालवलं तर दुसरा दिवस त्याला दिसत नाही.

पाणी निम्म्याने जास्त झालंय, मी म्हणालो. तो म्हणाला, पातळ असलं की डब्यात नीट बसतं, कोपरे भरतात. मी म्हणालो, कोपरे भरायला ठोकायचं असतं, पाणी ओतायचं नसतं. त्यावर त्याने थापी खाली ठेवली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे अगदी खिडकीतून बघावं तसं बघितलं.

"साडूभाऊ, खांबांचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "वजनाचं मी बघतो."

पालथ्या घड्यावर पाणी. मी खुर्ची ओढून बसलो आणि मजा बघितली. एकेक डबा काट्यावर ठेवायचा, डब्याचं वजन वजा धरायचं आणि चमच्याने तो चिखल घालत, काढत काटा बरोबर आकड्यावर आणायचा. वीस किलोच्या बादलीला त्याने पाऊण तास घेतला. शेवटी एक खडा काढला, पुसला, परत घातला. काटा वीसवर थांबला तेव्हा चेहरा असा, की जसं काही पूल बांधून झाला. मग ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलं: वीस. खाली तारीख आणि स्वतःची सही. सोमवारी सकाळी काटा कचेरीत परत गेला.

नवीन काँक्रीट आठवडाभर ओलं ठेवायचं असतं. याने दुसऱ्याच दिवशी सगळं साच्यातून काढून रणरणत्या उन्हात मांडलं, वाळायला, जणू पापड घातलेत. आठ किलोच्या वजनाला आडवी भेग गेली. त्याला याने पार्सलला बांधतात तशी सुतळी बांधली, चौकडीची, वर गाठ. मी हे कारखान्यात सांगितलं तेव्हा पोरं हसून हसून लोळली. पुढे कित्येक दिवस जेवणाचे डबे उघडताना विचारायची, काटेसाहेबांचं नवीन काय.

ताई मात्र मनापासून लागली. पहाटे उठून करायची, संध्याकाळी करायची. एक, दोन, तीन, मग सुतळीवालं आठ. काटेसाहेब वही घेऊन शेजारी बसायचे आणि किती वेळा उचललं ते लिहायचे. तिला दुखलं की ती त्याला शिव्या घालायची, तो त्याही लिहीत असेल. बारा झालं, पंधरा झालं. परीक्षेला पंधरा दिवस होते तेव्हा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, आणि ताईने आमच्यासमोर बादलीत ओतलेलं ते वीसचं वजन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी चेहरा लालबुंद, ओठ दाताखाली, पण ठेवलं. माझ्या बायकोला रडू आलं.

काटेसाहेब म्हणाले, "वीस किलो. बरोबर वीस."

मी उठलो आणि ते वजन एका हाताने सहज उचललं. सव्वीस वर्षं मी खांब उचलतोय. ते वीस नव्हतं. उचलताक्षणी कळलं, आणि का ते कळायलाही क्षणच लागला. एवढं पाणी घालून ओतलेलं काँक्रीट उन्हात वाळलं की त्यातलं कितीतरी पाणी उडून जातं. या दीडशहाण्याने वजन केलं ते ओल्याचं. पाण्यासकट मोजलं, आकडा कोरला, सही केली, की झालं ते कायमचं वीस. गाठोडं एकदा पुढे ढकललं की ते पुन्हा काट्यावर येत नाही, हे त्याचं एकतीस वर्षांचं शिक्षण. माझ्या अंदाजाने ते साडेअठराच्या आसपास होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. गच्चीवरच्या त्या वाक्याचं उत्तर माझ्या हातात होतं, सळीला धरून. तिथेच बोललो असतो तर बायकांनी ताईच्या कौतुकात ते विरघळवून टाकलं असतं. मी ठरवलं, आत्ता नाही. परीक्षा होऊ दे, ताई कामावर जाऊ दे, सगळे जेवायला जमू दे, मग चारचौघांत काटा मागवायचा आणि काटेसाहेबांच्या हातानेच ते वजन त्यावर ठेवायला लावायचं. ताई पास होईलच, असं मी स्वतःला सांगितलं. एवढ्या जिद्दीच्या बाईला दीड किलो म्हणजे काय. वजन खाली ठेवलं आणि तिला म्हणालो, छान चाललंय ताई, हेच चालू ठेवा.

तिने हेच चालू ठेवलं.

परीक्षेला माझी बायको तिच्याबरोबर गेली होती. घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मग सांगितलं. लोखंडी पेटी होती. पहिल्या खेपेलाच ताईच्या तोंडावर काहीतरी चुकल्यासारखं दिसलं, पण पेटी टेबलावर गेली. दुसऱ्या खेपेला गुडघ्याचा टेकू घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला टेबलाच्या कडेला दोन बोटं कमी पडली. ताईने ती तशीच धरून ठेवली, वर जाईना, खाली सोडवेना. शेवटी वॉर्डातल्याच एका परिचारिकेने पुढे होऊन पेटी खाली उतरवली, आणि ती परिचारिका रडत होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. बावीस वर्षं पाच मिनिटांत संपली.

मी आठ दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. कारखान्यात काम आहे म्हणालो. मग बायकोने जबरदस्तीने नेलं.

काटेसाहेब पुढच्या खोलीत जमिनीवर बसले होते. पुन्हा अर्ज करून काटा आणला होता. भोवती सगळी वजनं मांडलेली आणि एकेकावर खडूने नवा आकडा. बैल गेला आणि झोपा केला, असं एरवी मी मोठ्याने म्हणालो असतो. त्याने मला बसायला सांगितलं. दाढी वाढली होती. सांगू लागला, की वजनं कमी भरली तेव्हा पहिल्यांदा त्याला काटाच बिघडलेला वाटला, म्हणून त्याने कचेरीत आपल्याच काट्याविरुद्ध तक्रार दिली. तपासणारा आला, काटा निर्दोष निघाला. आता वरचे साहेब याच्याकडेच विचित्र नजरेने बघतात. ताई आतल्या दाराशी उभी होती. आमच्याकडे बघून हसली नाही.

"साडूभाऊ, मी आकडा चुकीचा वाचलेला नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी वीस होतं. आज अठरा किलो सहाशे चाळीस आहे. तुम्ही सिमेंटातले. वजन गेलं कुठं?"

मी सांगितलं. पाणी, ऊन, वाळणं, सगळं. तो लहान मुलासारखा ऐकत होता. मध्ये एकदा वही उघडली, काही लिहिलं नाही, मिटली.

"म्हणजे पाणी माझ्या हातून जास्त झालं," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत."

हेच ऐकायला मी चार महिने थांबलो होतो. या माणसाला मी जन्मभर बावळट म्हणत आलो, आणि तो माझ्यासमोर खडू हातात धरून बायकोच्या नोकरीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत होता. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. कुणी मला काही विचारलं नव्हतं.

मग ताईने विचारलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही त्या दिवशी हातात घेतलं होतंत ना ते? उचलल्यावर नाही कळलं?"

मी तोंड उघडायच्या आत काटेसाहेबच तिच्यावर वैतागले.

"त्यांना कसं कळणार? उचलून का वजन कळतं कुणाला? एकतीस वर्षं झाली, मला अजून काट्याशिवाय कळत नाही. कळलं असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. माझी बायकोही बघत होती.

"मला कळलं होतं," मी म्हणालो.

तिच्या परीक्षेला तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते.