खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

मुलगी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. खंडेनवमीला आम्ही चाकणच्या कंपनीत मशीन बंद करून, पुसून पूजतो. घरीही, ती आंघोळीला गेल्यावर, मी तिचा चालू लॅपटॉप बटण दाबून बंद केला, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. तीन दिवस त्यावर तिच्या प्रोजेक्टचं काम आपोआप चाललं होतं. ते सगळं गेलं.

“आई, तू काही दाबलं नाहीस ना?”

“मला चौथी शिकलेलीला काय कळतंय त्यातलं?”

तिला ते पटलं. “माझंच काहीतरी चुकलं असेल,” म्हणत दसऱ्यानंतर ती सरांकडे मुदत मागायला गेली. बंद करायचं बटण मला चांगलं ठाऊक होतं. तिनंच शिकवलं होतं. सर तिला काय बोलले, हे विचारायचं धाडस मला अजून होत नाही.