टाचणीमावशीच्या पायावरची रेघ

पडदा हिरवा, रंग उडालेला. तो एका बाजूला सरकतो आणि दिसते लोखंडी खाट, पांढरी चादर, आणि चादरीबाहेर राहिलेलं उजवं पाऊल. त्या पावलावर लिंबाएवढं टेंगूळ. खाटेवर आमची टाचणीमावशी.

नाटक कंपनीचे सगळे पोशाख तिचे. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. राजाच्या वेशात मी विंगेत अडून राहिलो की ती मागून डगल्याची सुरकुती सारखी करायची आणि म्हणायची, "जा रे. तू राजा नसलास तरी डगला आहे."

पायावरची गाठ तिने चपलेच्या पट्ट्याखाली वर्षानुवर्षं दडवली. मशीन चालवताना कळ येऊ लागली, तेव्हा ती गुपचूप डाव्या पायाने शिवायला शिकली. उजवा गेलाच तर डावा तयार असावा म्हणून. शेवटी तिच्या भाचीने ओढत दवाखान्यात नेलं. फोटो झाले, गाठीचा तुकडा तपासून झाला.

"हाडाची गाठ आहे, पण साधी," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही. गाठ तेवढी काढू, पाय राहील."

भाचीने हुश्श केलं. मावशीने नुसती मान डोलावली. तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी मी गेलो, तेव्हा ती आपला घोटा न्याहाळत बसली होती. डॉक्टर नुकतेच येऊन घोट्याच्या वर जांभळ्या शाईने सही करून गेले होते. सहीखाली आडवी रेघ आणि पावलाकडे बाण. तिला सही दिसली नाही, बाणही नाही. जन्मभर खडूच्या रेघेवर कात्री चालवलेली बाई ती. तिला दिसली फक्त रेघ, घोट्याच्या वर.

तिने ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला आणि घासायला घेतलं.

"मावशी, कातडं सोलवटेल," भाची रडवेली झाली.

"कातडं परत येतं. पाय येत नाही." मग माझ्याकडे वळून, "राजे, दाराशी उभा राहा. कुणी आलं तर खोक."

मी खोकलो, पण उशिरा. डॉक्टर आत आलेच.

"खूण कुणी पुसली?"

"मी. तुम्ही सांगितलं एक आणि आखलं भलतंच."

भाचीने अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टर स्टूल ओढून बसले. "आजी, ही कापायची रेघ नाही. चुकून दुसऱ्या पायाला हात लागू नये, म्हणून खूण करतो."

"कात्रीला कुठे कळतं ते?"

ते हसले नाहीत. त्यांनी आडवी रेघ वगळून सही आणि बाण पुन्हा काढला आणि तिच्या समाधानासाठी गाठीभोवती बारीक गोल आखला. आखताना पाऊल हलू नये, म्हणून मावशीने घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं, तेव्हा तिने डॉक्टरांची बाही पकडली.

"आम्ही शिवणीसाठी दोन बोटं सोडून बाहेरून कापतो. तुम्ही सोडू नका. त्या गोल रेघेवरच कापा."