जुन्नरचे पाच-दोन

मनोधैर्य हा माणसाचा खरा अलंकार होय, असे मानपत्रांतून वाचायला मिळते. मानपत्रे बहुधा निवृत्त माणसांना देतात, त्यामुळे पडताळा पाहण्याची सोय नसते. मला तो अलंकार एकदाच प्रत्यक्ष दिसला. तोही जुन्नरला, शेणाने सारवलेल्या जमिनीवर.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती. माझा कॉलेजातला मित्र नाना जुन्नरला वकिली करत होता. त्याचे कार्ड आले: ‘रविवारी कासमभाईंशी टेनिसचा सामना आहे. ये. माझ्या बाजूचे कोणीतरी हवे.’ वकिलाने इतके थोडे लिहावे, म्हणजे प्रकरण गंभीर होते.

शनिवारी पुण्याहून पहाटेची एस.टी. पकडली. पेठला चाक पंक्चर झाले. ते बदलेपर्यंत उतारूंनी हॉटेलातली भजी संपवली. बाकावर शेजारी एक पागोटेवाले शेतकरी बसले होते. कुठे निघालात, असे त्यांनी विचारले.

“जुन्नरला. नाना वकिलांकडे.”

“म्हंजी पाच-दोन वकील? लई गुणाचा माणूस. आमच्या बांधाचा दावा त्यांच्याकडंच व्हता.”

“पाच-दोन म्हणजे काय?”

“ते त्यांनाच इचारा, पावणं,” म्हणून त्यांनी शेवटचे भजे उचलले.

नारायणगावाहून गाडी पश्चिमेला वळली आणि पुढे शिवनेरी दिसू लागला. त्याच्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी नुसता पाहिला.

दुपारी नानाकडे मासवडी होती (नावात मास असले तरी ही बेसनाची, पोटात तीळ-खोबऱ्याचे सारण). मी तिसऱ्या वडीवर असताना नानाने खुलासा केला. दरवर्षी तो आणि कासमभाई एकच सेट खेळतात. गेल्या वर्षी नाना पाच-दोनने पुढे होता. मग धीर सुटला आणि पुढचे पाचही गेम गेले.

“आता उलटतपासणीला उभा राहिलो की मागून कोणीतरी हळूच म्हणतं, ‘पाच-दोन’. पुढचा प्रश्नच आठवत नाही. अशिलं तोंड फिरवायला लागली आहेत. उद्या हरलो तर बिऱ्हाड पुण्याला हलवणार. एखादी खोली बघून ठेव.”

टेनिसची जागा कचेरीच्या मागे होती. साहेब विलायतेला गेला, जाळे मागे राहिले. जमीन सरूबाई सारवत असे आणि चुन्याच्या रेघाही तीच ओढत असे. शेणावर चेंडूचा वण उठतो. तेव्हा चेंडू आत की बाहेर, हे सरूबाईने वाकून पाहून सांगायचे, असा इथला रिवाज. गुण पुकारायला स्टुलावर शाळेचे गुरुजी बसले होते.

कासमभाई हातकागदाचे व्यापारी. पन्नाशीचे, दाढी पांढरी, अंगात पायजमा-सदरा. त्यांनी नानाचा हात हातात घेतला. “तब्येत बरी ना, वकीलसाहेब? मग माझ्यावर दया करू नका.”

दया करण्याची वेळच आली नाही. बघता बघता कासमभाई पाच आणि नाना दोन. गुरुजी मनाचे हळवे. त्यांनी आकडा पुकारलाच नाही. “चला, पुढे चालू,” एवढेच म्हणाले. लोकही जमिनीकडे बघू लागले, आणि ते टोमण्यांपेक्षा वाईट होते. नानाने सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला, झेलला. पुन्हा टाकला, पुन्हा झेलला. तिसऱ्यांदा तसेच झाल्यावर रॅकेट काखेत मारून तो स्टुलापाशी गेला.

“गुरुजी, आकडा सांगा.”

“सगळ्यांना ठाऊक आहे की.”

“तरी सांगा.”

गुरुजी काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं. बाजारपेठेपर्यंत गेलं पाहिजे.”

“पाच-दोन!” गुरुजी ओरडले.

सगळे मैदान हसले. नाना कानापर्यंत लाल झाला, मग तोही हसला. कासमभाईंनी सदऱ्याने डोळे पुसले. त्यानंतरची सर्व्हिस त्यांना दिसलीच नाही, असे ते नंतर सांगत.

नानाने दोन गेम काढले. पाच-चार असताना कासमभाईंना जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांनी मारलेला चेंडू चिंचेकडच्या कोपऱ्यात पडला. “आत! आत!” लोक ओरडले. सरूबाई पदर खोचून वाकली.

“बाहीर हाय. दोन बोटं.”

“नीट बघ की!”

“चुना म्या वढलाय. तुमी वढला व्हता का?”

कासमभाईंनी हात वर केला. “सरूबाई म्हणते ना? बाहेर.”

नाना सात-पाचने जिंकला. भीती गेली नव्हती. फक्त वर टाकलेला चेंडू तो आता झेलत नव्हता.

संध्याकाळी कासमभाईंच्या दुकानात चहा झाला. मी नानाच्या धीराचा विषय काढला.

“धीर होता, खरं आहे,” कासमभाई म्हणाले, “पण माझा गुडघाही होता. पुढच्या वर्षी गुडघा बरा होईल. धीराचं तुमचं तुम्ही बघा, वकीलसाहेब.”

नाना मला म्हणाला, “खोली बघू नकोस.”

सोमवारी परतीच्या गाडीत मी एक विचार जुळवत बसलो होतो: ज्या आकड्याला माणूस भितो तो त्याने चारचौघांत मोठ्याने ऐकावा, म्हणजे त्याची नांगी मोडते. विचार बरा वाटत होता. तेवढ्यात कंडक्टर तिकिटे फाडत आला.

“पाच-दोन वकिलांचे पावणे ना? काल बाजी मारली म्हनं त्यांनी!”

“मारली. मग आता पाच-दोन कशाला म्हणता?”

“मंग काय म्हनायचं, राव? नाव पडलंय.”

नाना जुन्नरलाच राहिला. त्याची वकिली उत्तम चालली. दारावर पाटी आहे, तिच्यावर पूर्ण नाव आणि पदवी आहे. घर सापडायला मात्र पाच-दोन वकील कुठे राहतात, असेच विचारावे लागते.