भाभींची मांजर माझ्या घरी

भाभींच्या मांजरीचा जबडा मी मोडला. आज हे लिहिता येतंय, तेव्हा बोलता आलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी होती. मी शाळेत शिकवते, घरी एकटीच असते. चपात्या लाटत होते, तेवढ्यात मांजरीने मागच्या दाराने येऊन गार करत ठेवलेल्या दुधात तोंड घातलं. त्या आठवड्यातली तिसरी वेळ. हातातलं लाटणं मी तसंच भिरकावलं. नुसतं घाबरवायला, असं पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. पण नेम धरला होता.

ती बाहेर पळाली. भाभी शेजारीच राहतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. बोळात रक्ताळलेली मांजर उचलून त्या माझ्याच दारात आल्या. मी म्हणाले, मोटारसायकलनं उडवलं असेल. मग मीच रिक्षा बोलावली, दवाखान्यात बरोबर गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन करून जबडा तारेनं बांधला. बोळातल्या बायका म्हणाल्या, शेजार असावा तर असा. मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला.

दुसऱ्याच दिवशी इचलकरंजीहून निरोप आला, भाभींच्या लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. भाभी मांजरीची टोपली घेऊन आल्या.

"तुमच्याकडंच ठेवते, बाई. तुमचा जीव हाय हिच्यावर."

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मांजर माझ्या हातचं काही खाईना. चिकन कांदा-लसणाशिवाय, मिठाशिवाय शिजवून त्याचं पाणी वाटीत ठेवलं, तर तिने तोंड फिरवलं. मासा उकडून, बारीक कुस्करून दिला. सुई काढलेल्या सिरिंजने दोन थेंब ओठाशी लावले, तर ती अंग आक्रसून थरथरली. डॉक्टर फोनवर म्हणाले, वास आल्याशिवाय मांजर खात नाही. कोमट करून द्या, नाकावरचं वाळलेलं रक्त पुसा. ओल्या कापसाने मी नाक पुसलं. तेवढं तिने करू दिलं, पण वाटीकडे पाहिलं नाही. सकाळी चपातीला पोळपाट मांडला, तर खुडबुड ऐकूनच ती कॉटखाली कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानंतर मी भातच लावला.

रोज दुपारी भाभींचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या विचारायच्या, खातीय का? मी म्हणायचे, थोडं थोडं खातेय. वाटी भरलेलीच असायची.

तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उपाशी राहिली तर लिव्हरवर परिणाम होईल, उद्या नळी घालावी लागेल. मग विचारलं, "ही कुणाच्या हातनं खाते?"

मी भाभींना फोन केला आणि तिने काहीच खाल्लं नसल्याचं सांगितलं. लेकीला मुलगी झाली होती. बाळ-बाळंतिणीला लेकीच्या सासूवर सोपवून भाभी मिळेल त्या एसटीने आल्या. चप्पलही न काढता कॉटशी बसल्या, मासा बोटावर घेतला आणि काहीतरी पुटपुटत बोट पुढे धरलं. मांजर सरपटत बाहेर आली. वास घेतला. चाटलं. मग जबडा वाकडा करत हळूहळू वाटी अर्धी केली.

भाभी रडत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू? ते मला ऐकवेना.

"मोटारसायकल नव्हती, भाभी. मी लाटणं मारलं होतं."

त्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् मी तिला तुमच्याकडंच ठिऊन गेलते व्हय?"

त्यांनी मांजर पदराखाली घेतली आणि त्या गेल्या.

मांजर बरी झाली. तार निघाली, जबडा जरासा तिरका राहिला. दोनेक महिन्यांनी भाभी माझ्याशी बोलू लागल्या. आता नळाच्या पाण्याचं, नातीचं सगळं सांगतात. पण इचलकरंजीला निघाल्या की मांजर टोपलीत घालून, वर फडकं बांधून एसटीने बरोबर नेतात. मी दारात उभी असते. ठेवा माझ्याकडे, असं म्हणायला तोंड उघडत नाही.