पोटरीतला गोळा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर वायरलेस सेट सांभाळत होतो. मी डिचोलीजवळच्या सर्वणचा. लान्स नायक वसंत परब पेडण्याचा. ट्रान्झिस्टरवर गोव्याची बातमी लागली की आमचं भांडण ठरलेलं: घरची भाषा मराठी की कोंकणी? वसंत म्हणायचा, दुखलं की तोंडून येते ती.

मी जात्याच संशयी. दुधात पाणी नसलं तरी ह्यांना दिसतं, असं बायको म्हणते. आमच्या पोस्टचे हवालदार पाटील माझ्याही वरताण. आम्ही दोघे आपल्या बोलीत बोललो की काहीतरी शिजतंय, असं त्यांना वाटे.

बर्फामुळे आठवडाभर सगळे बंकरमध्ये अडकलो होतो. बर्फ वितळवून मिळेल तेवढंच पाणी, तेही जपून प्यायचं. हवा उघडली, दुसऱ्या दिवशी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघणार होती. आदल्या सकाळी वसंत पाय धरून बसला.

"पोटरेंत गोळो आयला रे."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या पेट्रोल, आणि आज गोळा? दोघांचं ठरलंय काय?"

थंडीत गोळे सगळ्यांनाच यायचे. पण गोळा येतो आणि जातो. हा दुपारपर्यंत हलला नाही. डावी पोटरी तेवढी सुजलेली, हाताला गरम. हा साधा गोळा नाही, असा मला संशय आला. मी सेटवर खालच्या डॉक्टरांना गाठू लागलो. तोवर पाटलांनी तेल गरम केलं आणि स्वतः पोटरी चोळायला बसले. माणूस वाईट नव्हता.

"एकच पाय? ओव्हर," डॉक्टरांनी विचारलं.

"एकच. डावा. सूज आहे. ओव्हर."

"चोळू नका. चालवू नका. आत रक्ताची गुठळी असेल. ओव्हर."

मी ओरडलो. पाटलांचे हात थांबले. वसंतने छाती धरली. त्याला श्वास घेता येईना. हेलिकॉप्टर यायच्या आधीच तो गेला. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. चोळल्यानेच सुटली का, ते कुणालाच सांगता आलं नाही. मला पाटलांचा फार राग आला होता. आता नाही.

गेल्या वर्षी सर्वणला शेजारची बाळंतीण म्हणाली, गोळो आयला. एकाच पायाला. तिच्या सासूने तेलाची वाटी आणली. मी ती हातातून काढून घेतली आणि गाडी बोलावली. हॉस्पिटलात गुठळीच निघाली. औषध वेळेत मिळालं, बाळंतीण वाचली.

सासू मात्र त्यानंतरही माझ्याकडे संशयाने बघायची. एकदा तिने विचारलंच, "बाळंतिणीच्या पोटरेचें तुमकां कोणें सांगलें?"

"लान्स नायक वसंत परबान," मी म्हटलं. "पेडण्याच्या."