पाळण्याजवळची कॅप्टन

“तिला काय इचारायचं? इंग्लिश मीडियमची हाय ती. पाठीत धपाटे खाईल आन् गप बसंल.”

कमलकाकू हे आमच्या स्वयंपाकघरात काकांना बोलली. मी तिच्या मागेच काकडी चोचवत उभी होते. (इंग्लिश मीडियममध्ये गेलं की मराठी ऐकू येणं बंद होतं, अशी आमच्या सातारच्या मंडळींची खात्री आहे.) काय विचारायचं नव्हतं, ते मला पुढे हॉलवर कळलं.

दादाच्या मुलीचं बारसं होतं, नेरूळला, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. मी एकुलती एक आत्या. म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, आणि ते सांगताना बायकांचे धपाटे खायचाही. दादा-वहिनीनं नाव ठरवलं होतं रेवा. ते मीच सुचवलं होतं. व्हॉट्सअॅपवर. तोंडानं मी फारसं काही सुचवत नाही.

हॉलवर पोचलो तर पाळण्यामागे आठ फुटी फ्लेक्स: ‘कु. भाग्यलक्ष्मी’. काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, परस्पर नाव ठरवून छापूनही आणलं होतं! वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी दादाकडे पाहिलं.

हा माणूस गेली कित्येक वर्षं एक अंतराळातली कार्टून मालिका दाखवून मला नेतृत्व शिकवतोय. तीत यानाची लादी पुसणारी एक बुजरी मुलगी पाच सीझनमध्ये कॅप्टन होते. दर दहा मिनिटांनी पॉज करून दादा म्हणतो, “बघ, लीडर असा घडतो. शीक जरा.” आणि आज हा लीडर काकांसमोर खुर्च्या सरळ करत होता!

“तू कानात रेवाच सांग,” तो कोपऱ्यात कुजबुजला. “काकांना मी नंतर समजावतो.”

“नंतर म्हणजे कधी?”

“तिचं लग्न व्हायच्या आत.”

रागानं माझे कान तापले. त्या कॅप्टनचं वाक्य मला पाठ होतं: ‘दिशा मी ठरवीन. ज्याला मान्य नसेल, त्यानं यानातून उतरावं.’

मी पाळण्यावर वाकले. बायका ‘कुर्रर्र’ करून माझ्या पाठीवर तुटून पडल्या. पहिले चार धपाटे लाडाचे होते. पाचवा काकूचा. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात तो! त्यातच काकांनी माझ्या तोंडाजवळ माइक धरला. “भाग्यलक्ष्मी म्हण. मोठ्यानं.”

मी ताठ झाले आणि माइक त्यांच्या हातून काढून घेतला. दादा एका खुर्चीमागे. काकूचा हात सहाव्या धपाट्यासाठी वर, तो तसाच वर राहिला.

“हिचं नाव रेवा आहे,” मी ओरडले. स्पीकरही किंचाळला. “ते मी ठरवलंय. आणि ज्याला मान्य नसेल, त्यानं...”

काकांची नजर दाराकडे वळली. दाराशी जेवणाची पानं मांडून तयार होती. आईनं माझ्याकडे डोळे वटारले.

“...त्यानं जेवल्याशिवाय जायचं नाही!”